लुटीचं साल

कलबुर्गी जिल्ह्यात कागिणा नदीच्या काठावर मळखेड नावाचं गाव आहे. पडका किल्ला, जुनी जैन बसदी, आसपास सिमेंटचे कारखाने. राष्ट्रकूटांचं मान्यखेट ते हेच. ज्या घराण्यानं वेरूळचं कैलास लेणं खोदवलं, त्याची ही राजधानी. कैलास बघायला आपण मुलांना सहलीला नेतो, मळखेडची वाट मात्र क्वचितच कोणी धरतो.

इथे नवव्या शतकात अमोघवर्षानं साठाहून अधिक वर्षं राज्य केलं. कन्नडमधला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ, ‘कविराजमार्ग’, त्याच्याच दरबारातला. त्याच्याच काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. सहा चवींची मिश्रणं किती प्रकारे होतील, असं गणित ते विद्यार्थ्याला घालतात. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं आहे.

मग 972 मध्ये माळव्याच्या सीयक परमारानं हे नगर लुटलं. हे साल आपल्याला कळतं ते एका शब्दकोशामुळे. धारा नगरीतल्या धनपालानं सुंदरी या आपल्या धाकट्या बहिणीसाठी प्राकृत शब्दांचा ‘पाइयलच्छी’ हा कोश रचला आणि शेवटी काळ नोंदवला: विक्रम संवत 1029, माळव्याच्या राजानं मान्यखेट लुटलं तेव्हा. जेत्यांच्या गावात एक भाऊ बहिणीसाठी शब्द वेचत बसला होता, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

त्याच वेळी लुटल्या गेलेल्या गावात पुष्पदंत होता. अपभ्रंशातला थोर कवी, विपन्नावस्थेत इथे आलेला. भरत नावाच्या मंत्र्यानं त्याला घरात ठेवून घेतलं आणि ‘महापुराण’ लिहवून घेतलं. नगर जळाल्यावर आता राहायचं कुठे, अशी त्याची व्याकुळता एका श्लोकात उरली आहे.

राजाश्रयानं विद्या फुलते हे खरंच. पण ती टिकते पोथ्या उतरवणाऱ्यांच्या हातांनी, असं मला मान्यखेटकडे पाहताना वाटतं. राष्ट्रकूटांची सत्ता वर्षभरात बुडाली, चालुक्यांनी पुढे राजधानी कल्याणीला नेली. पुष्पदंताच्या पोथ्या मात्र पिढ्यान् पिढ्या उतरवल्या गेल्या. शास्त्रदान हे जैनांमध्ये पुण्याचं काम, त्यामुळे ग्रंथाची नक्कल करवून देणाऱ्या श्रावकांची परंपराच होती. वऱ्हाडातल्या कारंज्याच्या भांडारांनी अशा पोथ्या जपल्या. पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्यांनी संपादित केलं आणि 1931 साली ते छापून निघालं, तेही कारंज्याहूनच.