अज्ञानांची मिळकत

आपल्या महसुली व्यवहारात एक अर्थपूर्ण शब्द रूढ आहे. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या वारसाला तेथे ‘अज्ञान’ म्हणतात आणि सातबाराच्या उताऱ्यावर त्याच्या नावालगत ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून वडीलधाऱ्याचे नाव लागते. जमीन मुलाची, सांभाळ पालकाचा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमानुसार नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. आणि ती परवानगीही मुलाची निकड किंवा उघड हित असेल तरच मिळते. हा दंडक मोडून केलेला व्यवहार मुलाला सज्ञान झाल्यावर रद्द करवून घेता येतो.

पृथ्वीचे हवामान ही अशीच एक मिळकत आहे. ती सर्वाधिक काळ ज्यांना भोगायची आहे, ते आज अज्ञान आहेत किंवा जन्मालाही आलेले नाहीत. पालक म्हणून आपण केलेला सगळाच खर्च उधळपट्टीचा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कोळसा जळला म्हणून शाळेत दिवा लागला, दवाखान्यात लस थंड राहिली. ती मुलाचीच निकड होती. परंतु निकड कोठे संपली आणि पालकाची चैन कोठे सुरू झाली, हा हिशेब कोणी मांडायचा? युनिसेफच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १०० कोटी मुले हवामानबदलाचा अतितीव्र धोका असलेल्या ३३ देशांत राहतात. कार्बन डायऑक्साइडच्या जागतिक उत्सर्जनात त्या देशांचा एकत्रित वाटा अवघा ९ टक्के आहे. म्हणजे ज्यांची मिळकत सर्वांत अधिक घटली, त्यांच्यासाठी खर्च सर्वांत कमी झाला.

मग मुलांनी सज्ञान होईपर्यंत थांबावे काय? जमिनीचा व्यवहार रद्द होऊ शकतो; येथे तशी सोय नाही. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके टिकतो. वितळलेली हिमनदी निकालपत्राने परत येत नाही. युवकांच्या कृतीचे नैतिक अधिष्ठान नेमके येथे आहे. फिलिपीन्समध्ये अज्ञान मुलांनी स्वतःच्या व न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीने जंगलतोडीच्या परवान्यांविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हा अधिकार मान्य केला. उत्तराखंडातील नऊ वर्षांच्या मुलीने २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे पालकामार्फत अर्ज केला. २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. पुढे २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ मधून निष्पन्न होतो, असे म्हटले.

मुले अपरिपक्व असतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये पंधरा वर्षांची ग्रेटा थनबर्ग स्वीडनच्या संसदेबाहेर बसली, तेव्हा तिचे मागणे स्वीडनने पॅरिस करारानुसार उत्सर्जन घटवावे, हे होते. शहाण्या माणसांनी लिहून ठेवलेले शहाण्या माणसांना वाचायला सांगण्यासाठी वयाचा दाखला लागत नाही.

आक्षेपाहून अधिक घातक आहे ते कौतुक. ‘हीच मुले जग वाचवतील’ असे आपण सद्गदित होऊन म्हणतो, तेव्हा पालकाने खर्चून टाकलेल्या मिळकतीची भरपाई आपण त्या अज्ञानावरच सोपवीत असतो. वर्ग सोडून रस्त्यावर बसणे हे मुलाचे धैर्य असेल. त्याला तसे बसावे लागणे ही पालकाची नामुष्की आहे. शिवाय ज्या मुलाला उन्हात कामावर जावे लागते, त्याला निषेधासाठी सोडायला वर्गही नसतो. त्याचा हक्क मात्र तेवढाच आहे.

म्हणून युवकांच्या चळवळीकडे भविष्याची आशा म्हणून पाहण्यापेक्षा हिशेबाची मागणी म्हणून पाहणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. कोणी न विचारताही हिशेब द्यावा, हा पालकाचा धर्म. आता तर ज्याला आपण अज्ञान म्हणतो, त्यानेच तो विचारला आहे.