उपवासकाळ मंडळीचा

सोलापूर भागात ज्वारीची काढणी होते, ऊन चढू लागतं आणि ख्रिस्ती घरांत उपवासकाळ सुरू होतो. भस्म बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, मधले रविवार वगळले तर 40 दिवस. कुणी मटण-मासळी सोडतं, कुणी चहा, कुणी रात्रीच्या मालिका. हे चांगलंच आहे. पण एवढ्यानं मंडळी नवी होते का, हे आज सकाळी स्वतःला विचारू या.

याचं एक उत्तर सोलापूरहून दौंड करत पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वे लाइनवर सापडतं. या लाइनवर दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळात होरपळलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या शेकडो मुलीबाळींना रमाबाईंनी तिथे आसरा दिला. काम वाढलं, उपासना नियमित होत होती. वरवर पाहता कशाचीच उणीव नव्हती. तरीही जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी विचारलं, रोज सकाळी माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? साधारण 70 जणी पुढे आल्या. त्यांचं मागणं एकच होतं : भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांचं खरं परिवर्तन होवो, आणि त्यांत आम्हीही आलो. जूनपर्यंत रोज दोन वेळा बसणाऱ्यांची संख्या 550 वर गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली. मुली रडत रडत आपली पापं कबूल करू लागल्या, आणि प्रार्थनेत बसणाऱ्या मुली आसपासच्या खेड्यांत सुवार्ता घेऊन गेल्या.

‘त्यांत आम्हीही आलो’ हे म्हणणं सोपं नाही. आपण तरुणांसाठी प्रार्थना करतो, दारू पिणाऱ्यांसाठी करतो, चर्चला न येणाऱ्यांसाठी करतो. पहिल्या बाकावर बसणारे आपण मात्र त्या यादीत नसतो.

उपवासकाळात घरोघरी होणारी प्रार्थनासभा डोळ्यांसमोर आणा. सतरंज्या अंथरल्या आहेत, ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं आहे, ढोलकीवर थाप पडते आहे. एका भिंतीला टेकून एक कुटुंब बसलं आहे, समोरच्या भिंतीला दुसरं. कमिटीच्या निवडणुकीपासून दोघांत बोलणं नाही. क्षमेचं गीत मात्र दोघंही मोठ्यानं गातात. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि दोन्ही घरं एकमेकांकडे न बघता चपला घालून निघाली. अशा वेळी उपास पोटाला घडतो, मनाला नाही.

यशयाच्या 58व्या अध्यायात देव नेमकं यावरच बोट ठेवतो. उपास करायचा आणि त्याच दिवशी भांडायचं, मजुराला राबवून घ्यायचं, हे त्याला मान्य नाही. भुकेल्याला आपल्या ताटातलं द्यावं, बेघराला घरात घ्यावं, हा त्याला आवडणारा उपास. म्हणजे चहा सोडला तर त्या चहाचे पैसे कुठे गेले, याचाही हिशेब आहे. मंडळीतल्या एखाद्या विधवेच्या घरी महिन्याची ज्वारी पोचली, कुणाच्या पोराची परीक्षेची फी भरली गेली, तर तो उपास मंडळीचा झाला.

विश्वास एकट्यानं धरता येतो, पण तो ताजा राहतो तो सोबतीनं. मुक्तीतल्या 70 जणींनी ते दाखवून दिलं. आपल्या मंडळीत 70 नसतील, सात असतील, तेवढे पुरेत. रोज पहाटे अर्धा तास एकत्र बसावं, आणि आधी स्वतःचं नाव देवापुढे ठेवावं.

आणि ज्या घराशी आपला अबोला आहे, त्या घरी आजच जा. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्यालाही प्रभूनं आधी भावाशी समेट करायला पाठवलं आहे. येत्या रविवारी प्रभुभोजनाला दोघं मिळून या.