कीर्ती एकाची, ऋण अनेकांचे

जी कलाकृती अनेकांच्या हातून घडते तिचे श्रेय एकाच्याच पदरी पडावे, हे न्यायाचे आहे काय? या प्रश्नास ‘गीतरामायणा’इतके बोलके उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. एप्रिल १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्याचे प्रसारण सुरू झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्यास एक नवे गीत, याप्रमाणे वर्षभरात ५६ गीते सिद्ध झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी निरनिराळ्या गायकांनी ती गाइली. पुढे फडक्यांनी सर्व गीते स्वतःच गाऊन ध्वनिमुद्रित केली, आणि आज बहुतेकांच्या कानी तोच एक कंठ आहे.

यात कोणी कोणावर अन्याय केला, असे म्हणवत नाही. दीर्घ कथेच्या ध्वनिमुद्रणास एकसूत्रता हवी असते. शिवाय लोकस्मृती फार नावांचे ओझे वाहत नाही. तथापि कीर्ती आणि ऋण या दोन भिन्न वस्तू होत. कीर्ती लोक देतात. तिची वाटणी नामवंताच्याही हाती नसते. ऋण मात्र विसर पडल्याने फिटत नाही, आणि ते फेडण्याचा भार नामवंताइतकाच श्रोत्यावरही आहे. ज्याच्या व्हायोलिनने सूर उचलला, ज्याच्या तबल्याने लय सांभाळली, त्याचे नाव विचारून लक्षात ठेवणे हे आपले कर्तव्यच होय. सेतूस नाव रामाचे मिळाले. परंतु शिळा वानरांनी वाहिल्या, हे रामकथेने कधी विसरू दिले नाही.