साधन किती सुधारावें?

साध्य आणि साधन यांचा विचार करतांना आपण बहुधा एवढेंच विचारतों कीं, साध्य चांगलें असेल तर साधन कसेंहि असलें तरी चालेल काय? याच्या उलट बाजूचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. साध्य निर्दोष आहे, साधनहि निर्दोष आहे. पण साधन सुधारण्यांतच माणसाचें लक्ष आणि द्रव्य खर्च होऊं लागलें, तर तें कोठवर योग्य समजावें? तबकड्यांवरील संगीत ऐकण्यासाठीं उंची यंत्रसामग्री बाळगणाऱ्या रसिकाच्या उदाहरणानें हा प्रश्न फार स्पष्ट होतो.

असा मनुष्य आजहि दुर्मिळ नाहीं. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारांत आणली. त्यानंतर तिला मागें सारणारीं अनेक साधनें निघालीं, तरी तिचे भक्त उरलेच आहेत. त्यांच्या घरीं टर्नटेबल, त्यावरील भुजा, सुई धरणारें कार्ट्रिज, त्यांतून येणारा क्षीण विद्युत्संदेश वाढविणारा ॲम्प्लिफायर आणि शेवटीं लाउडस्पीकर अशी एक सांखळीच असते. या सांखळींतील कोणती कडी आतां बदलावी, हा त्यांच्यापुढचा नित्याचा प्रश्न.

बाहेरच्यांना तो हास्यास्पद वाटतो. परंतु ज्यानें या यंत्राचें काम समजून घेतलें आहे, तो हंसणार नाहीं. हिऱ्याचें एक सूक्ष्म टोंक सुमारें दोन ग्रॅम भारानें खांचेंतून चालतें. तबकडीच्या कडेशीं ही खांच सेकंदाला सुमारें ५१ सेंटिमीटर वेगानें सुईखालून सरकते. शेवटच्या फेऱ्यांत तोच वेग सुमारें २१ सेंटिमीटरांवर येतो. म्हणजे तेवढ्याच काळाचा ध्वनि निम्म्याहून कमी जागेंत लिहिलेला असतो. मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजमधून निघणारा विद्युद्दाब बहुधा एक मिलिव्होल्टाहूनहि कमी. इतक्या नाजुक ठिकाणीं जें हरवलें, तें पुढें कितीहि मोठा लाउडस्पीकर लावला तरी परत मिळत नाहीं. म्हणून एक पक्ष म्हणतो, आधीं उगम सुधारा. दुसरा पक्ष म्हणतो, ध्वनीची सर्वांत मोठी विकृति लाउडस्पीकरांत आणि खोलीच्या भिंतींमुळें होते. म्हणून आधीं शेवट सुधारा. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दोघांनींहि एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही कीं, कांहीं तरी विकत घेतलेंच पाहिजे.

या दृष्टीनें स्कॉटलंडमधील लिन कंपनीचें एलपी१२ हें टर्नटेबल मनन करण्याजोगें आहे. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें निघालें आणि आजहि तयार होतें. जुन्या यंत्रांत नवे भाग बसवितां यावे, अशी त्याची रचना आहे. बेअरिंग बदलावें, वीजपुरवठा बदलावा, भुजा बदलावी. यंत्र मात्र तेंच. यंत्र टाकून द्यावें लागत नाहीं, हा त्याचा मोठाच गुण. परंतु ज्याचा प्रत्येक भाग बदलतां येतो, तें कधींहि पुरें झालें असें म्हणतां येत नाहीं. आणि त्याबरोबर धन्याचें समाधानहि पुढें ढकललें जातें. रथ म्हणजे चाकें काय, आंस काय, कीं दांडी, असें नागसेनानें मिलिंद राजाला विचारलें होतें. तसेंच या धन्यालाहि विचारावेंसें वाटतें : बाबा, तुझें संगीत म्हणजे सुई काय, भुजा काय, कीं ॲम्प्लिफायर?

यावर कोणी म्हणेल कीं, संगीताला यंत्राची एवढी गरजच नाहीं. अब्दुल करीमखांसाहेबांच्या जुन्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांत संपत, त्यांत खरखरहि भरपूर. तरी त्यांच्या झिंझोटींतील ठुमरीनें किती पिढ्यांना हेलावून सोडलें! हें खरें आहे. परंतु यावरून निघतें तें एवढेंच कीं, उत्तम गायन निकृष्ट साधनांतूनहि वांचतें. निकृष्ट साधनच पुरे, असें निघत नाहीं. स्वर थांबल्यावर तंबोऱ्याचा नाद कसा विरतो, गायक श्वास कोठें घेतो, हें ऐकूं येणें ही कांहीं चैन नव्हे. कलावंतानें जें घडविलें तें पूर्णपणें ग्रहण करावें, ही इच्छा म्हणजे त्याचा आदरच होय.

तेव्हां मर्यादा ठरते ती हेतूनें. अमुक तबकडीच्या अखेरीस आवाज फाटतो, असा दोष ज्याला ऐकलेल्या संगीतावरून दाखवितां येतो, त्याची सुधारणा न्याय्य आहे. तिलाहि क्रम आहे. तबकडी स्वच्छ करावी, भुजेचें व कार्ट्रिजचें माप तपासावें, लाउडस्पीकर भिंतीपासून थोडे हलवून पाहावे, सुई झिजली असल्यास बदलावी. एवढें करूनहि दोष उरला, तर जुना व नवा भाग सारख्याच आवाजावर, कोणता कोणता हें न पाहतां ऐकावे. कारण किंचित् मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, आणि अधिक किंमत मनाला. ज्याला दोष दाखवितां येत नाहीं, केवळ याहून वरचें कांहीं आहे एवढेंच ठाऊक असतें, त्याची भूक यंत्रानें भागणार नाहीं. तो यंत्रासाठीं संगीत निवडूं लागतो : जें यंत्रावर शोभेल तें ऐकावयाचें, बाकीचें कपाटांत. खांसाहेबांना मग त्याच्या घरीं जागा उरत नाहीं.

आणखी एक कसोटी घरांतली आहे. उंची कार्ट्रिजची किंमत लाखांत जाते, आणि तें द्रव्य बहुधा एकट्याचें नसतें. मुलांच्या शिक्षणाचा आणि वृद्धांच्या औषधांचा त्यांत वांटा असतो. घरच्या माणसांना जो आंकडा कमी करून सांगतो, त्यानें आपल्या खरेदीचा निवाडा स्वतःच केलेला असतो. जो खर्च उघडपणें सांगितला आणि घरानें मानला, त्याला शेजारी हंसले तरी बिघडत नाहीं.

दीर्घ तबकडीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटें चालते. ती शेवटपर्यंत, मधें न उठतां ऐकावी आणि मगच नव्या भागाचा विचार करावा. तिनें मन भरलें असेल, तर खरेदी एक वर्ष लांबणीवर टाकावी; आणि त्यांतला थोडा पैसा एखाद्या हयात गायकाच्या मैफलीसाठीं वेगळा काढावा.