दहा ओळींची मुभा

हिंजवडीतल्या एका कंपनीत बसच्या डॅशबोर्डवरच्या पडद्याचं काम चालू होतं. वेग, इंधन, दाराची खूण आणि बस मागे घेताना मागच्या कॅमेऱ्याचं चित्र, सगळं त्या एकाच पडद्यावर दिसायचं. आत लिनक्स होतं आणि चित्र पडद्यापर्यंत पोचवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर एका तरुण इंजिनिअरने लिहिला होता. मुलगा कष्टाळू होता. आपल्या कामातलं काही कुणापासून लपून राहू नये, असं त्याला मनापासून वाटे. म्हणून त्याने कोडमध्ये पावलोपावली डीबगच्या ओळी पेरल्या होत्या. पडद्याचं एक चित्र रंगवून होतं आणि पुढचं सुरू व्हायचं असतं, त्या व्हीब्लँकच्या क्षणालाच तीन ओळी होत्या.

चाचणीच्या बसमध्ये तक्रार आली. बस मागे घेताना पडदा कधीकधी काळा पडतो आणि कॅमेरा बंद झाला की पुन्हा येतो. बस डेपोत परतल्यावर तिथल्या तंत्रज्ञाने कर्नलचा लॉग काढून पाठवला. मुलगा उत्साहाने वाचायला बसला. लॉग भरगच्च होता, पण त्यात फक्त डेपोत उभ्या बसचे शेवटचे काही सेकंद होते.

हिशोब साधा होता. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो. दर वेळी तीन ओळी, ओळीत साधारण ८० अक्षरं, म्हणजे सेकंदाला चौदा हजारांहून जास्त अक्षरं झाली. त्या यंत्रात लॉगसाठी १२८ किलोबाइटची जागा होती. ती भरली की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीवर लिहिली जाते. नऊ-दहा सेकंदांपूर्वीचं काहीच उरत नव्हतं. ज्या एका ओळीसाठी एवढा खटाटोप, ती ‘सर्व ठीक’ सांगणाऱ्या हजारो ओळींनी पुसून टाकली होती.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नव्हतं. हेच संदेश सिरीयल कन्सोलवरही जात होते. १,१५,२०० बॉडच्या त्या तारेतून सेकंदाला ११,५२० अक्षरंच जातात. ८० अक्षरांच्या एका ओळीला सुमारे ७ मिलिसेकंद लागतात, तीन ओळींना २१. दोन चित्रांमधला अवधी मात्र १६.७ मिलिसेकंदांचाच. त्यामुळे ड्रायव्हर बोलण्यात अडकायचा, चित्राची वेळ चुकायची आणि पडदा लुकलुकायचा. तक्रारीत नसलेला हा दोष तपासणीनेच जन्माला घातला होता.

मुलगा खट्टू झाला आणि त्याने सगळ्याच ओळी बंद केल्या. पुढच्या फेरीत पडदा पुन्हा काळा पडला. या वेळी लॉग स्वच्छ होता, अगदी कोरा.

तेव्हा तो टीममधल्या ज्येष्ठ मॅडमकडे गेला.

“मॅडम, सगळं लिहिलं तर सापडत नाही, काही लिहिलं नाही तरी सापडत नाही.”

“अरे, लग्नघरात सगळे एकदम बोलत असताना दागिना हरवल्याचं कुणी सांगितलं, तर ऐकू येईल का? म्हणून काय सगळ्यांची तोंडं बांधायची?” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “एकेक ओळ दाखव. ही वाचून कोण काय करणार आहे, एवढंच मला सांग.”

ते दोघं संध्याकाळपर्यंत बसले. मला या गोष्टीतली हीच संध्याकाळ सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यांनी ओळी सरसकट पुसल्या नाहीत. व्हीब्लँकच्या ओळी ठेवल्या, पण त्यांच्या प्रकाराखाली. लिनक्सच्या डीआरएम या ग्राफिक्स विभागात डीबग संदेशांच्या प्रत्येक प्रकाराला एक बिट असतो आणि व्हीब्लँकचा आहे ३२ किमतीचा. तो मुद्दाम चालू केल्याशिवाय त्या ओळी उमटत नाहीत. खऱ्या बिघाडाचे संदेश मात्र चूक म्हणूनच नोंदायचे ठरलं, पण त्यांना मर्यादा घातली. कर्नलमध्ये ही सोय तयारच आहे. नेमलेल्या मूल्यांनुसार एका ठिकाणाहून ५ सेकंदांत १० संदेश जाऊ शकतात. त्यापुढचे गाळले जातात, मात्र मोजले जातात, आणि किती गाळले ते नंतर एका ओळीत सांगितलं जातं.

“म्हणजे गप्प बसतानाही गप्प बसल्याचं सांगायचं,” मुलगा म्हणाला.

“हो. नाहीतर ती लपवाछपवी होते.”

काही दिवसांनी डेपोतल्या तंत्रज्ञाचा फोन आला. “साहेब, पडदा परत काळा पडला. लॉग पाठवतो, पण थोडाच आहे. इथेच वाचून दाखवू?”

तंत्रज्ञाने फोनवर वाचून दाखवलं. डिस्प्लेला मेमरीतून डेटा वेळेवर मिळाला नाही, अशा अर्थाच्या अंडररनच्या दहा ओळी. मग एक ओळ, २९० संदेश गाळले. मग पुन्हा अंडररन.

मुलाने कागदावर १० आणि २९० लिहिले. पाच सेकंदांत ३००, म्हणजे सेकंदाला ६०. बिघाड अधूनमधून होत नव्हता, एकदा सुरू झाला की प्रत्येक चित्राला होत होता. न छापलेल्या ओळींची संख्याच त्याला हे सांगत होती. पहिल्या अंडररनच्या वेळेशेजारी कॅमेऱ्याचा थर पडद्यावर चढल्याची नोंद होती.

त्याने तेवढाच भाग उघडला. पडद्यावर काही हलत नसलं की वीज वाचवायला मेमरीचा वेग उतरवला जात होता. अशा वेळी कॅमेरा सुरू झाला, की ड्रायव्हर आधी थर चढवायचा आणि जास्त बँडविड्थ नंतर मागायचा. तोवर डिस्प्ले उपाशी राहायचा, आणि ते हार्डवेअर एकदा असं अडकलं की थर उतरेपर्यंत सावरत नव्हतं.

मुलाने क्रम बदलला. आधी बँडविड्थची मागणी, ती मंजूर झाल्यावर थर. मॅडमनी बदल वाचला आणि कोडमध्ये घेतला. त्याच संध्याकाळी तो बदल चाचणीच्या बसकडे रवाना झाला.