भिस्त आणि विश्वास

भिस्त आणि विश्वास हे शब्द आपण बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पण घड्याळावर आपली भिस्त असते, विश्वास नसतो. ते बंद पडलं तर पंचाईत होते, पण घड्याळाने दगा दिला म्हणून कुणी दुखावलं जात नाही. तत्त्वज्ञ अॅनेट बायर यांनी 1986 साली ‘ट्रस्ट अँड अँटिट्रस्ट’ या निबंधात असाच भेद केला. आपलं वाईट करणं दुसऱ्याच्या हातात आहे हे ठाऊक असून तो तसं करणार नाही असं धरून चालणं, हा त्यांच्या लेखी विश्वास.

हे मला पटलेलं होतं. गोव्यात पायलटच्या मागे बसले, तेव्हा त्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल भाड्याने चालवणारा. पन्नाशी येईपर्यंत मी कुणाच्याही दुचाकीवर मागे बसले नव्हते. तसा प्रसंगच आला नव्हता, एवढंच. पर्वरीहून पणजीला जायचं होतं. पायलटने हेल्मेट दिलं आणि बजावलं, की वळणावर ताठ बसू नका, गाडी झुकेल तसं झुका.

हे वाटतं तितकं सोपं नाही. दुचाकी वळते ती आतल्या बाजूला कलून. त्याच क्षणी मागच्याचं शरीर घाबरून उलट्या बाजूला जाऊ बघतं, आणि तसं झालं की तोल साधायला गाडी आणखी कलवावी लागते. म्हणजे मी स्वतःला वाचवायला जे करणार, त्याने दोघांचाही धोका वाढणार. किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून गावाला जावं, तसा हा विश्वास नव्हे. इथे ठेवणाऱ्यालाही काम आहे. आणि तोही मला न बघता, पाठीमागे एक अनोळखी वजन घेऊन चालला होता. मी अचानक हलणार नाही, हे त्यालाही धरूनच चालावं लागत होतं.

मग मांडवीच्या पुलाकडे उतरताना त्याने वेग वाढवला. आता बोलावं का? ‘हळू चालवा’ म्हणणं हा आपल्याकडे चालवणाऱ्याचा जवळजवळ अपमान समजला जातो. नवऱ्याला, जावयाला, मित्राला ते न म्हणता जीव मुठीत धरून बसलेली किती माणसं मी पाहिली आहेत! भीड ही भिकेची बहीण, ती इथे जिवावर उठते. मी म्हटलं. त्याने वेग कमी केला. त्याला राग आला की काय, ते कळायला मार्ग नव्हता. समोर फक्त हेल्मेटची मागची बाजू. मला स्वतःला मात्र त्याच्यावरचा विश्वास कमी झाल्यासारखं वाटलं नाही. घड्याळाला कुणी काही सांगत नाही. ऐकेल असं वाटतं, त्यालाच आपण सांगतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी, 1989 सालापासून, दुचाकीवर मागच्यासाठी हाताला धरायला दांडा आणि पाय ठेवायला जागा सक्तीची केली आहे. मागे बसणाऱ्याला हातपाय आहेत, हे निदान कायद्याने ओळखलं आहे. तोंडाचं काय ते ज्याचं त्याने बघायचं.

अडतं ते आईबापांच्या मधे, पेंगत, गाडीवर चाललेल्या लहान मुलापाशी. त्याला ना झुकायचं कळतं, ना ‘हळू’ म्हणता येतं. तान्ह्या मुलाच्या विश्वासाचा विचार बायर यांनीही केला आहे. पण त्या मुलाच्या पेंगण्याला विश्वास म्हणावं की नुसती भिस्त, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.