नाद आणि कोलाहल

मार्च महिन्यात आमच्या गल्लीनं माझ्यावर एक काम सोपवलं. पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज लिहायचा होता. मी भाषांतरं करते, म्हणजे गल्लीच्या हिशेबात मी ‘लिहिणारी’. लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून नगर निगमच्या नोटिशीच्या उत्तरापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. या वेळी तक्रार होती समोरच्या घरातल्या मुलाच्या गाडीबद्दल.

गाडी साधी नाही. ती सॅन स्टॉर्म आहे: नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार होऊ लागलेली, दोनच माणसांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचं, म्हणून हलकी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं. फार थोड्या बनल्या. त्यातली एक जबलपूरच्या राइट टाउनमध्ये आली, कारण या मुलानं ती जवळजवळ भंगाराच्या भावात घेतली आणि दोन वर्षं पगारातले पैसे बाजूला काढत उभी केली. या हिवाळ्यात त्यानं तिचा सायलेन्सर बदलला, आणि गल्लीत दोन तट पडले. खरं तर एकच तट पडला. दुसऱ्या बाजूला तो मुलगा होता आणि माझे बाबा.

बाबांचं वय त्र्याऐंशी. त्यांनी इथल्या व्हेइकल फॅक्टरीत तीस वर्षं काढली. शक्तिमान ट्रक, नंतर जोंगा. दारावरून जाणारी गाडी न बघता आवाजावरून सांगत, की अमुक गाडीचा अमुक भाग गेला आहे. आता कान गेले. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातली ‘स’, ‘त’, ‘च’ ही व्यंजनं, पाखरं, कुकरची शिट्टी. खालचा, जाड आवाज त्यामानानं टिकतो. यंत्र लावलं की सगळंच एकदम ओरडतं, म्हणून ते काढून ठेवतात. संध्याकाळी व्हरांड्यात बसतात. साडेसहाला तो मुलगा कामावरून परततो, गाडी वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये घुमते, आणि बाबांची मान वर होते. दिवसभरात बाहेरच्या जगातून त्यांच्यापर्यंत आपणहून पोचणारी ती एकच गोष्ट. ते हात वर करतात, मुलगा हॉर्न न वाजवता एकदा ॲक्सिलरेटर दाबतो. ही त्यांची रामराम.

आणि अर्ज मला लिहायचा होता.

सायलेन्सर या शब्दाची आपल्याकडे गंमत झाली आहे. इंग्लंडमधून आलेला हा शब्द. अमेरिकेत त्याच वस्तूला मफलर म्हणतात, गळ्याभोवती गुंडाळतो तोच. आपण मात्र गाडीखालच्या अख्ख्या नळीलाच सायलेन्सर म्हणतो. त्यामुळे ‘मोठ्या आवाजाचा सायलेन्सर’ असं आपण सहज बोलतो आणि त्यात काही विचित्र आहे हे कुणाला जाणवत नाही. नागपूर-पुण्याचे पोलीस बुलेटचे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवतात; बातमीत लिहिलेलं असतं, ‘कर्णकर्कश सायलेन्सर नष्ट’.

खरा सायलेन्सर काय करतो ते मला बाबांनीच लहानपणी कागदावर काढून दाखवलं होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की आत कोंडलेला तापला वायू झटक्यानं बाहेर पडतो आणि नळीतून दाबाची लाट धावते. मिनिटाला हजारो वेळा. कंपनीच्या डब्यात कप्पे असतात. लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात शिरते, भिंतीवर आपटून माघारी फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला भिडते. काही आवाज असा आवाजानंच मरतो. समोरच्या मुलानं बसवला तो सरळ नळीचा: भोकं पाडलेली स्टीलची नळी, भोवती काचेच्या लोकरीचं अस्तर. वायूला आडकाठी कमी, वजनही काही किलोंनी कमी. हलक्या गाडीत किलो मोजले जातात हे खरं. पण एवढ्याशा इंजिनाला त्यातून मिळणारी ताकद जेमतेमच. तो मुलगा खोटं बोलणारा नाही. म्हणाला, “पॉवरसाठी नाही, मावशी. ती आता बोलते.”

मराठीत ‘नाद’ म्हणजे आवाज, आणि ‘नाद’ म्हणजे वेडही. गाडीचा नाद, पतंगाचा नाद, नाटकाचा नाद. ज्याला कशाचा नाद नाही तो माणूस आपल्याला थोडा कोरडा वाटतो. या मुलाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एका नळीतून बाहेर पडत होते. पण अर्ज हिंदीत लिहायचा होता आणि तिथला कायद्याचा शब्द वेगळा आहे: मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५. परीक्षांच्या दिवसांत लाउडस्पीकरवर बंदी येते ती याच कायद्याखाली. मोटार वाहनांसाठी केंद्राचे १९८९ चे नियम आहेत. त्यांतला १२० वा नियम सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवं. कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न सुटलेलाच होता. मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले, ते दुसऱ्या कारणानं. बाबांचा नाद मला कोलाहल म्हणून भाषांतरित करायचा होता.

तोफांच्या गावात सायलेन्सरचा विचार करताना मॅक्झिम बापलेक आठवतात. १९०४ पासून आमच्याकडे तोफगाड्यांचा कारखाना आहे. खमरियाच्या बाजूनं चाचणीचे धमाके ऐकत इथली मुलं वाढतात. हायरम मॅक्झिम यांनी १८८४ च्या सुमारास आपोआप गोळ्या झाडत राहणारी मशिनगन बनवली. तिच्या आवाजात वर्षानुवर्षं काढून त्यांचे कान गेले. त्यांचा मुलगा, हायरम पर्सी मॅक्झिम, यानं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि तेच तत्त्व पुढे इंजिनांना लावलं. बापानं आवाज केला, मुलानं तो झाकला, अशी ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण बंदुकीचा आवाज झाकणं हे पुण्यकर्म नव्हे. शांतता आपोआप चांगली आणि आवाज आपोआप वाईट, असं नसतंच. धुआंधारला नर्मदा केवढ्यानं कोसळते. तिथं कानावर हात ठेवून तक्रार करणारा कुणी मी पाहिलेला नाही.

मग चूक नेमकी कशात असते?

शोपेनहॉवरनं १८५१ च्या आपल्या निबंधसंग्रहात आवाजावर एक प्रकरण लिहिलं आहे. त्याचा सगळा राग गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर. तौलनिक साहित्याच्या वर्गात तो वाचताना आम्ही हसलो होतो, कारण त्याला आपल्या विचारांच्या भंगाची काळजी होती, गाडीवानाच्या पोटाची नव्हती. आवाजाच्या तक्रारीत हा धोका कायम असतो: आपली शांतता ती संस्कृती आणि दुसऱ्याचा आवाज तो अडाणीपणा. आमच्या गल्लीतही ‘आजकालची पोरं’ हा सूर होताच. तो मला अर्जात नको होता.

कोपऱ्यावरच्या घरातल्या नर्सकडे मी गेले ती म्हणून. ती रात्रपाळी करते आणि दिवसा झोपते. संध्याकाळी आठला तिला पुन्हा निघायचं असतं. ती चिडलेली नव्हती. हिंदीत म्हणाली, “दीदी, मला भांडायचं नाही. त्याच्या येण्याची वेळ रोज तीच असते, म्हणून मी आता सव्वासहाचा गजर लावते. दचकून उठण्यापेक्षा आपणहून उठलेलं बरं.”

घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या मुलाच्या आनंदासाठी ती स्वतःची झोप रोज पाऊण तास कापत होती, आणि त्याला ते माहीतही नव्हतं. डोळे मिटता येतात, कानांना पापण्या नाहीत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिप्रदूषणाच्या निकालात हेच धरलं आहे, की बोलण्याचा हक्क असतो तसा न ऐकण्याचाही असतो. चूक आवाजाच्या मोठेपणात नाही, तर समोरच्याला ‘नको’ म्हणायची जागा न ठेवण्यात आहे. धुआंधारला आपण चालत जातो. हा आवाज चालत आपल्या उशाशी येतो.

अर्ज लिहिला, सही केली. मग इतर सह्यांआधी तो त्या मुलाला वाचायला दिला. मूळ लेखक हयात असेल तर भाषांतर त्याला दाखवायचं, ही माझी सवय. त्यानं शांतपणे वाचला. म्हणाला, “पण आजोबांना तर आवडतो ना?”

हा प्रश्न मला अपेक्षित होता, तरी उत्तर तयार नव्हतं. आवडतो, हे खरंच होतं. आणि याच कारणासाठी तीन महिने मी सगळ्यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या आणि तोंड उघडलं नाही. माझ्या बाबांचं सुख मी तराजूत टाकत होते, पण दुसऱ्या पारड्यातली झोप माझी नव्हती. दुसऱ्याच्या खर्चानं दानशूर होणं सोपं असतं. मी एवढंच म्हणाले, “आवडतो. पण त्यांच्या आवडीचे पैसे ती नर्स भरते.” गजराबद्दल सांगितलं. तो गप्प झाला. “सोमवारपर्यंत थांबाल?” म्हणाला.

रविवारी त्यानं गाडी जॅकवर चढवून जुना डबा परत बसवला. अर्ज माझ्या खणात राहिला. सोमवारी साडेसहाला गाडी आली आणि बाबांची मान वर झाली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्यांनी विचारलं, “तो पोरगा गाव सोडून गेला का?”

मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, “रोज येतो बाबा. गाडीचा आवाज बंद केलाय.”

“का?”

“लोकांना त्रास होत होता.”

“मला सांगायचं,” बाबा म्हणाले. कुणाबद्दल म्हणाले ते कळलं नाही.

रविवारी सकाळी ते काठी टेकत रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग. मुलगा बॉनेट उघडून उभा होता. बाबांनी त्याच्याकडे लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला, इंजिन चालू करायला सांगितलं, टोक व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. जुने मिस्त्री असंच ऐकतात. हवेतून न येणारं हाडातून येतं. डोळे मिटून ते बराच वेळ तसेच उभे राहिले. टोक दोनदा सरकवलं.

“तिसऱ्याचं टॅपेट वाजतंय,” ते म्हणाले. “सैल आहे. इतके दिवस कळलं कसं नाही तुला?”

मुलानं माझ्याकडे पाहिलं, मग सायलेन्सरकडे. “ऐकूच येत नव्हतं, आजोबा,” तो म्हणाला, आणि पाना आणायला आत गेला.